मावशींची सुट्टी आणि माझं कार्पेट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: घरकामाच्या मावशींना आठवड्याची पगारी सुट्टी द्यायची की नाही. मी 'द्यायलाच हवी' एवढंच लिहिलं. लगेच उत्तर आलं, "तुला काय, तिकडे सगळं मशीन करतं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. लीज संपत आली की होम डेपो नावाच्या दुकानातून रग डॉक्टर, म्हणजे कार्पेट धुवायचं मशीन, भाड्याने आणायचं. चोवीस तासांचं भाडं, शॅम्पूचे पैसे वेगळे. ते धूड जिन्यावरून वर चढवायचं आपणच. सोफे सरकवून आधी नीट व्हॅक्यूम करायचं, कारण सुकी माती राहिली तर तिचा चिखल होतो. शॅम्पू मोजूनच, जास्त झाला तर धाग्यांना चिकटतो आणि कार्पेट पुन्हा लवकर मळतं. मग मशीन ओढत मागे मागे सरकायचं. गरम पाणी सोडत एक फेरी, पाणी बंद करून नुसतं शोषत दुसरी. या सुक्या फेरीचा कंटाळा केला की खालचं पॅडिंग ओलं राहून कुबट वास मारतं. मळक्या पाण्याची टाकी टॉयलेटमध्ये ओतताना काळंभोर पाणी आणि केसांचे गुंते बघितले, की फरशी पुसल्यावर मावशी मोरीत बादली रिकामी करायच्या ते आठवतं. ते पाणी मी तेव्हा कधी पाहिलंच नव्हतं.

एवढं करून गेलेला चहाचा डाग सकाळी परत वर येतो, कारण तळाशी मुरलेला चहा वाळताना धाग्यांच्या टोकांना चढतो. आणि सोफ्यापासून किचनपर्यंतचा काळपट पट्टा तर जातच नाही. तिथे नुसता मळ नाही, धागेच झिजलेत. कंबर दोन दिवस धरलेली असते. मशीन करतं म्हणे!

पुण्यात कॉलेजात जाणारी मुलं स्वतःचं ताट उचलत नाहीत, आणि त्यांचेच आईबाप सुट्टीचा हिशेब मांडतात. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने 2008 साली केला, पण रविवार अजून घराघराच्या मर्जीवरच आहे. आमच्या मावशी मी शाळेत असल्यापासून उकिडवं बसून फरशी पुसतायत. आता त्यांना भिंतीला धरून उठावं लागतं.

मनाला लागतं ते मात्र आणखी एक. फ्लॅट माझ्याही नावावर आहे, मेंटेनन्स भरते, गणपतीची वर्गणी वेळेवर पाठवते. मत दिलं की मात्र मी बाहेरची. आणि इथे? इथे राहिल्याच्या सगळ्या खुणा धुऊन काढल्या तर डिपॉझिट परत मिळतं. मग आपलं म्हणून हक्काने बोलायचं कुठे? सोसायटीतच बोलणार. आठवड्याला एक सुट्टी, पगार न कापता. ठराव येईल तेव्हा माझा होकार धरा.