हिरो सोडून बोला

दुसरा शनिवार म्हणजे बँकेला सुट्टी, बाहेर डोंबिवलीचा पाऊस, नवऱ्याचं ऑफिस बंद आणि लेकीचा क्लास कॅन्सल, असा योग आमच्या घरात क्वचितच जुळतो. त्यामुळे शुक्रवारी रात्रीच ठरलं की दोन दिवस कोणीही गरजेपेक्षा जास्त वेळ ओट्यापाशी उभं राहायचं नाही. सकाळी फोडणीची पोळी, दुपारी मुगाची खिचडी, रात्री तीच खिचडी तूप घालून, आणि मधल्या वेळात फक्त मराठी पिक्चर. प्रत्येकाने आपल्या आवडीचा निवडायचा आणि दुसऱ्याच्या निवडीला नावं ठेवायची पूर्ण मुभा. सासूबाईंनी तर आरामखुर्ची टीव्हीसमोर ओढून जागाच पकडली, जसं काय कोणी तिकीट दाखवून उठवणार होतं त्यांना.

तर या दोन दिवसांच्या बघण्यातून आणि त्याहून जास्त भांडण्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ते इथे टाकते, ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घाला. मराठी सिनेमा हिरो-हिरॉइननी तारलेला नाही. तो तारलाय दोन-चार सीनपुरत्या येणाऱ्या माणसांनी. घरमालक, मावशी, सरपंच, वकीलीणबाई, पुजारी, गावातला रिकामटेकडा. हिरो बदलून बघा, पिक्चर कसाबसा उभा राहील. ही माणसं काढून बघा, काय उरतं ते सांगा मला.

सुरुवात अर्थातच 'अशी ही बनवाबनवी'ने झाली कारण लेकीचा हट्ट. १९८८ चा पिक्चर, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण तिला मीम्समुळे अख्खा पाठ. आता यात अशोक सराफ, लक्ष्या, सचिन सगळे आहेत आणि त्यांच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार. पण यावेळी मी मुद्दाम बाकीच्यांकडे बघत बसले. सुधीर जोशींचा घरमालक किती वेळ आहे पडद्यावर? थोडाच. पण तो माणूस इतका खरा खवट आहे की पुढे या पोरांनी कितीही फसवाफसवी केली तरी आपण त्यांच्याच बाजूने राहतो, कारण घर सोडताना त्यांच्यावर काय वेळ आली होती ते आपण बघितलेलं असतं. म्हणजे पिक्चरची सगळी सहानुभूती त्या एका माणसाने कमावून ठेवलीय आणि निघून गेलाय. मग नयनताराबाईंच्या लीलाबाई काळभोर. ज्यांना फसवायचं त्या बाई मूर्ख वाटल्या असत्या तर सगळा खेळ क्रूर झाला असता. त्या भोळ्या आहेत, कडक आहेत, प्रेमळ आहेत, मूर्ख अजिबात नाहीत. हे करायला किती कसब लागतं. आणि विजू खोटेंचं बळी हे पात्र विसरू नका. गोष्ट मुळात हिंदीतल्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली, पण वसंत सबनीसांनी ती अशी काही पुण्यात आणून बसवलीय की मूळ कोणाच्या लक्षातही नाही. हेच सबनीस दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'मागेही होते. लोकनाट्यात मुरलेला माणूस, त्यामुळे एक वाक्य बोलायला येणाऱ्यालासुद्धा काहीतरी हातात देऊन पाठवतो.

नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे पण तिकीट लोक अशोक सराफसाठी काढतात. मी म्हटलं बरोबर, पण आपण आत्ता तिकीट न काढता सोफ्यावर पडून बघतोय ना, मग आता तरी नीट बघू या.

सासूबाईंची निवड 'संत तुकाराम'. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ चा. यूट्यूबवर लावला तर अभंग रंगात आलेला असताना मध्येच झटपट कर्जाची जाहिरात. सासूबाई म्हणाल्या, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि हे कर्ज वाटायला आलेत. खरं सांगते, मी हा पिक्चर भक्तिभावाने बघायला बसले नव्हते, थोडी झोप काढावी असाच विचार होता. पण ती गौरी नावाची बाई, जी तुकोबांची बायको झालीय, तिने झोपूच दिलं नाही. ही बाई प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून काम करायची. आता ही भूमिका काही दोन सीनची नाही हे मला कळतं, पण पिक्चरच्या नावात ती नाही, देवळात ती नाही, गाथेतही असली तर त्रास देणारी बायको म्हणून. आणि इथे बघा! घरात दाणा नाही, पोरगं तापाने फणफणलंय आणि नवरा टाळ घेऊन बसलाय, तेव्हा ती पायातलं पायताण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात घुसते. नव्वद वर्षांपूर्वीचा पिक्चर आहे हा. आज कोणी असा सीन टाकला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा. विष्णुपंत पागनीस सुंदरच आहेत, त्यांचा चेहरा बघून लोक थिएटरमध्ये हात जोडायचे म्हणतात ते पटतं. पण तुकाराम आभाळाकडे बघतो आणि ती चुलीकडे, आणि दामले-फत्तेलाल या दोघा दिग्दर्शकांनी तिला एकदाही हास्यास्पद केलेलं नाही. भूक तिचीच खरी आहे. मुंबईत हा पिक्चर वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला नावाजला गेला, आणि मला वाटतं त्यात तुकोबांइतकाच वाटा त्या बाईचा आणि तिच्या म्हशीचा असणार. गंमत म्हणजे त्यातलं 'आधी बीज एकले' भलेभले लोक तुकोबांचा अभंग समजून बसले, ते लिहिलंय शांताराम आठवल्यांनी. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या दोन मिनिटं माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग नवऱ्याचा 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. म्हणजे या घरात माझा मुद्दा खोडायला निवडलेला पिक्चर, दोन दिग्गज समोरासमोर, बघ म्हणाला कसा दोन माणसांवर उभा आहे. मी गप्प बसून बघितला आणि शेवटी म्हटलं, मारुती कांबळे कोणी केलाय सांग. त्याला नाही आठवलं. मोहन आगाशे! अख्खा पिक्चर ज्याच्या नावाने हलतो, लागूंचा मास्तर दारूच्या नशेतही ज्याचं काय झालं ते विचारत राहतो आणि निळू फुलेंच्या हिंदुराव पाटलाच्या सत्तेला ज्या एका नावामुळे घाम फुटतो, तो माणूस पडद्यावर किती थोडा वेळ आहे. स्मिता पाटीलसुद्धा त्यात आहे, छोट्या कामात. रामदास फुटाणे, जे चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांनी हा पिक्चर काढायचं धाडस केलं, तो १९७५ मध्ये बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला स्पर्धेत गेला. इकडे आधी कोणी विचारत नव्हतं, बर्लिनहून आल्यावर विचारायला लागले, हे आपलं नेहमीचंच.

आणि निळूभाऊंचं बघा. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय कॉलेजात माळीकाम करणारा माणूस, सेवादलाच्या कलापथकातून आला, 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजवलं आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'त झेले अण्णा केला. हिरो नव्हताच तो. कडेला उभं राहून विडी ओढत अख्खा सीन खिशात घालणारा. आमच्या सासूबाई अजूनही निळू फुले पडद्यावर आले की पदर सारखा करतात, आणि हा माणूस प्रत्यक्षात किती साधा आणि चळवळीतला होता हे त्यांना पूर्ण माहीत असून!

माझं म्हणणं असं की हे सगळं नाटकातून, तमाशातून आलंय. तिथे हवालदाराचं काम असलं तरी तुम्हाला एन्ट्रीलाच पब्लिक पकडावं लागतं, नाही तर मागच्या रांगेतून आवाज येतो. क्लोजअप मिळणार नसतो, स्लो मोशनमध्ये चालायला मिळणार नसतं, बॅकग्राउंड म्युझिक नसतं. त्यामुळे आपल्याकडचा छोट्या कामाचा नट हा मोठ्या कामाच्या नटाइतकाच, कधी जास्तच, तयार असतो. आणि पिक्चरला पैसे कमी असल्यामुळे दिग्दर्शकाकडे दाखवायला दुसरं असतं तरी काय, स्वित्झर्लंड थोडंच आहे, माणसंच आहेत.

रविवारी माझी पाळी आली, मी 'कोर्ट' लावला. घरात नाराजी. लेक म्हणाली मम्मा यात कॅमेरा हलतच नाही. नाही हलत. चैतन्य ताम्हाणेने कॅमेरा लांब ठेवून दिलाय आणि माणसं येतात, बोलतात, जातात, आपण कोर्टात बाकावर बसल्यासारखे. पण यात कोणी हिरोच नाहीये हा माझा मुद्दा! नारायण कांबळे नावाचा शाहीर, जे काम वीरा साथीदारांनी केलंय, त्याच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये एका कामगाराने जीव दिला म्हणून त्याच्यावर खटला आहे, पण तो बराचसा वेळ गप्प. (सामना आणि कोर्ट, चाळीस वर्षांचं अंतर, दोन्हीकडे मधोमध एक कांबळे आणि त्याला बोलायला मिळत नाही. हे मला शनिवार-रविवार लागोपाठ बघितल्यामुळे जाणवलं, नाही तर कधी लक्षात आलं नसतं.) सरकारी वकील झालेली गीतांजली कुलकर्णी बघा. कोर्टात ती एका माणसाला वर्षानुवर्षं आत सडवायला निघालीय, कलमं अशी वाचते जशी मी केवायसीचा फॉर्म वाचते. आणि कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी, पोराला घ्यायचं, कुकर लावायचा, सगळ्यांना वाढायचं, सुट्टीत नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जायचं. मी बघताना अस्वस्थ झाले कारण ही बाई मला माहितीये, आमच्या डब्यात अशा चार जणी असतात, चांगल्या असतात, सीट देतात. खलनायक म्हणून कोणाला तरी शिव्या घालायची सोयच ठेवली नाही त्याने.

आणि मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको. एक साक्ष, एवढंच काम तिचं. गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर समजायचं आत हवा आहे, हे ती इतक्या सपाट आवाजात सांगते. ना रडणं ना काही. माझ्या सासूबाई, ज्या मगापासून कंटाळलेय कंटाळलेय करत होत्या, त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. अख्ख्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल तर ते झुरळ.

मधे 'वळू' लावला, थोडा हलका म्हणून. त्याच्याबद्दल एवढंच, की त्यात डुरक्या नावाचा बैल हिरो आहे आणि बाकी दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर, नंदू माधव, गिरीश कुलकर्णी, मोहन आगाशे सगळे साइड रोलमध्ये. माझा मुद्दा सिद्ध करायला आणखी काय पाहिजे.

'सैराट' अख्खा नाही बघितला, तीन तास कोणाकडे नव्हते, लेकीने दुसरा अर्धा भाग लावला. हैदराबादची सुमन अक्का, दोघांना आसरा देणारी, ती छाया कदम. त्याच्या आधी 'फँड्री'त जब्याची आई. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव विचारलं होतं? मी तरी पडद्यावर चेहरा आला की 'ती गं ती' एवढंच म्हणायचे. मग २०२४ मध्ये तिचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' कान फेस्टिव्हलचा ग्रां प्री पुरस्कार घेऊन आला तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला आमची छाया आमची छाया. आमची होतीच की ती आधीपासून, दहा-बारा वर्षं समोरच होती.

इथे एक तक्रार करूनच घेते. हे ओटीटीवाले पिक्चर संपायच्या आत ते नावांचं चौकोन एवढंसं करून कोपऱ्यात ढकलतात आणि पुढचं काय बघणार म्हणून अंगावर येतात. त्या साक्षीदार बाईचं नाव वाचायला मला रिमोटशी झटापट करावी लागली. जुन्या पिक्चरमध्ये निदान पाटीवर सुरुवातीलाच सगळी नावं यायची आणि ती बघितल्याशिवाय पिक्चर सुरूच व्हायचा नाही. यूट्यूबवर चढवणारे तर ती पाटीही कापतात, वर स्वतःच्या चॅनेलचा लोगो घुमवतात. पोस्टरवर दोन चेहरे, थंबनेलवर दोन चेहरे, मग उरलेल्यांना लोकांनी शोधायचं तरी कुठून?

नवऱ्याने अजून हार मानलेली नाही. त्याचा शेवटचा बाण असा की अशोक सराफसुद्धा 'पांडू हवालदार'मध्ये दादांच्या बाजूला उभे राहूनच वर आले, म्हणजे तुझे साइडवालेच पुढे हिरो होतात, मग फरक काय राहिला? मी म्हटलं फरक हाच, की अशोकमामा हिरो झाल्यावरही समोरच्याला चेंडू देऊन खेळतात, ती बाजूला उभं राहण्याची सवय गेलेली नाही. बाकीचे कित्येक जण हिरो झाले की सगळे सीन एकटेच खातात. मग 'बाकीचे' म्हणजे कोण यावर अर्धा तास गेला. ती नावं इथे लिहीत नाही, लोक ब्लॉक करतील.

रात्री 'सिंहासन' लावायचा बेत होता पण सासूबाईंचे डोळे मिटायला लागले आणि सकाळी माझी ७:४७ ची लोकल. पुढच्या सुट्टीला तोच पहिला. नवरा खूश, म्हणाला त्यात नाना पाटेकर आहे, बघ, हिरो आलाच की नाही. म्हटलं, १९७९ मध्ये नव्हता.