कापलेल्या स्प्रिंगबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुनी माझदा मियाटा (दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार) घेतली की आधी काही महिने ती कंपनी फिटिंगमध्येच चालवा, मग काय बदलायचं ते ठरवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता : "स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली की वळणावर पकड वाढते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रेसमधल्या मियाटा खालीच असतात. तुमचं सगळं कागदी ज्ञान. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कंपनीचं उरतंच काय? टायरच्या किमतीही चुकीच्या."

किमतींचं मान्य. लेखानंतर टायर महागले, आकडे बदलतो.

पण 'कागदी ज्ञान'? मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. स्वतःचं नावसुद्धा न लिहिता दुसऱ्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत? सांगलीला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. शाळा सुटली की दप्तर टाकून मी तिथे पाने द्यायला उभा. जेवायला बसण्याआधी रॉकेलने हात धुणारं आमचं घर. न्यू जर्सीत आल्यावर हौसेने 1999 ची मियाटा घेतली, आणि तिचं ऑइल, ब्रेक, क्लच आजही मीच करतो. माझी नखं पाहिली असती तर हा शब्द तुम्ही वापरला नसता.

आता स्प्रिंगचं. ही गाडी 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात आली तेव्हा वजन टनाच्या आत आणि 1.6 लिटरचं इंजिन अवघं 116 हॉर्सपॉवरचं. म्हणजे जोर बेताचाच. सगळी मजा चारही चाकांच्या डबल विशबोनमध्ये, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर धरणाऱ्या सस्पेन्शनमध्ये. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, इथवर तुमचं बरोबर. पण त्याबरोबर आर्मचे कोन बदलतात, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्याहून जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं की बॉडीला कलवणारा जोर उलट वाढतो. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते खरी, पण मियाटात चाकाला वर जायला मुळातच जागा कमी. दोन इंच खाली बसवलीत की शॉकअप जवळजवळ बम्प स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर गेलं तर त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकूनच चालतो. वळणात उंचवटा आला की स्प्रिंगचं काम संपतं, सगळा भार रबरावर जातो आणि त्या बाजूची पकड अचानक सुटते. पुढे झालं तर गाडी वळायचं नाव घेत नाही. मागे झालं तर शेपूट बाहेर.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझी गाडी आधीच्या मालकाने अशाच कापलेल्या स्प्रिंगवर विकली होती. हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पच्या वळणात सिमेंटचे जोड आहेत, त्या प्रत्येक जोडावर मागची बाजू उडी मारून बाहेर सरकायची. पावसात तर अंगावर काटा यायचा. शॉकअप उतरवले तेव्हा बम्प स्टॉपचा भुगा झालेला; रबरी कव्हर झटकलं तर त्याचे तुकडे जमिनीवर पडले. स्प्रिंगचं कापलेलं टोक बैठकीत धड बसलेलंच नव्हतं, घासून घासून तिथे चकचकीत चर पडली होती. कंपनीच्या स्प्रिंग टाकल्या, नवे शॉकअप टाकले, अलाइनमेंट केलं. मियाटात पुढे-मागे दोन्हीकडे कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) खालच्या आर्मच्या बोल्टवरच बदलता येतो, त्याला वेगळा पार्ट लागत नाही. त्याच रॅम्पवर गाडी शांतपणे वळायला लागली. वेग तोच, माणूस तोच. आता बोला!

रेसच्या गाड्यांचं म्हणाल, तर स्पेक मियाटात (फक्त मियाटांच्या, एकाच नियमावलीच्या रेसमध्ये) सगळ्यांना सस्पेन्शनचा एकच ठरलेला संच लावावा लागतो : कडक स्प्रिंग आणि तिच्या जोडीचेच शॉकअप. ग्राइंडरने कापलेल्या स्प्रिंगशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्या गाडीने ट्रॅकवर धावायचं असतं, पोरांना शाळेत सोडून ऑफिसला जायचं नसतं.

जुन्या गाडीत कंपनीचं उरतं काय, या प्रश्नात मला काही दम वाटत नाही. बुश (आर्मच्या सांध्यातली रबरं) झिजले, शॉकअप गळले तर नवे टाका. त्याला दुरुस्ती म्हणतात.

इथे पहिलीच गाडी घेणारी कॉलेजची मुलं वाचायला येतात, तेव्हा भाषा जरा सांभाळा. तुमची गाडी कोणत्या साली बनलेली, कुठल्या रस्त्यावर चालते, किती खाली बसवली आहे, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, आणि मागच्या शॉकअपचं रबरी कव्हर सरकवून बम्प स्टॉपचा फोटो टाका. त्यावर बोलू.