एक माणूस कमी

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की आमच्या पांढरकवड्याकडच्या गावांतून एखादी बस कुठेतरी निघतेच, आणि आदिलाबादवरून जाणारा महामार्ग जवळच असल्यामुळे ती बहुधा हैदराबादलाच निघते. या खेपेला प्रत्येक ठिकाणी डोकी मोजण्याचे काम मंडळींनी माझ्याकडे सोपवले. हे काम ज्याच्याकडे असते त्याला इतिहास दिसत नाही. त्याला फक्त डोकी दिसतात, आणि तीही नेहमी एकाने कमी.

सकाळी गोवळकोंडा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी जवळजवळ एक किलोमीटर अंतरावरच्या बालाहिसारच्या माथ्यावर ऐकू येते, ही माहिती मिळताच कोणी हरवले तर त्याने टाळी वाजवावी, असा ठराव झाला. ठराव करणाऱ्या काकाजींचाच पत्ता पुढच्या मोजणीत लागेना. त्या दिवशी किल्ल्यावर शाळांच्या सहली लोटल्या होत्या आणि प्रत्येक पोर घुमटाखाली येऊन टाळी वाजवत होते, त्यामुळे आम्ही दर टाळीला पायऱ्या उतरून धावायचो आणि एखादा पाचवीतला विद्यार्थी हाती लागायचा. याच किल्ल्यापुढे औरंगजेब आठ महिने खोळंबला होता आणि १६८७ साली आतल्याच माणसाने दार उघडल्यावर त्याची सुटका झाली. आमच्याकडे तेवढाही फितूर नव्हता. अखेर काकाजी एका कमानीच्या सावलीत दशमी-चटणी खाताना सापडले. “मी कुठी हरपलो बाप्पा? तुमीच सारे हरपले होते,” असे म्हणून त्यांनी उरलेली दशमी मला देऊ केली.

बसमध्ये निवृत्त गुरुजींनी आमचे आणि या शहराचे जुने नाते सांगितले. निझामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो त्यांना कायमचाच मक्त्याने देऊन टाकला. आतापर्यंत पेंगत असलेली बस मक्ता म्हटल्याबरोबर जागी झाली. “एकरी किती पडले, गुरुजी?” मागून प्रश्न आला. गुरुजींनी तिकिटाच्या पाठीवर आकडेमोड करून चार आण्यांच्याही आत, असे सांगितले, तेव्हा एवढ्या कमी भावात काळी जमीन देणाऱ्या निझामाविषयी सर्वांचे मत फार वाईट झाले. सातबारा कोणाच्या नावावर होता, यावर सालारजंग संग्रहालय येईपर्यंत वाद चालला.

संग्रहालयात इतर सगळे सोडून मंडळी संगीत घड्याळाकडे धावली, कारण त्यातला इवलासा दाढीवाला माणूस तासागणिक बाहेर येऊन टोले देतो आणि बाराचे टोले ऐकण्यासारखे असतात, असे गावातून ऐकून आलो होतो. काकाजींच्या कृपेने बारा नुकतेच वाजून गेले होते. जागा जाईल म्हणून कोणी उठेना. पाऊण तास मांड्या मोडून बसल्यावर तो दाढीवाला बाहेर आला आणि एकाचा एकच टोला देऊन आत गेला. एवढ्या वेळात ज्या उठल्या त्या एकट्या मामी. बेन्झोनी या शिल्पकाराने घडवलेल्या रिबेकाच्या पुतळ्याच्या संगमरवरी बुरख्यापुढे उभ्या राहून, दगडातून चेहरा दिसतोच कसा, याचा त्या शोध घेत होत्या. अर्थात माझ्या मोजणीत एक कमीच भरला.

चारमिनार १५९१ सालचा आहे आणि त्याच्या जिन्याच्या पायऱ्या फार उंच आहेत, एवढेच मी सांगू शकतो. कारण तिथे पोचताच बायका शेजारच्या लाड बाजारात शिरल्या आणि मला त्यांच्यामागे जावे लागले. सुनेचे माप दोन-चार की दोन-सहा हे ठरवण्यासाठी गावी फोन झाले, लाखेच्या बांगड्यांचा एकेक जोड दिव्याखाली फिरवून खडे मोजले गेले, आणि दुकानदाराचे हिंदी व आमच्या काकूंचे हिंदी एकमेकांना भेटलेच नाही, तरी भाव निम्म्यावर आला. चारमिनार पाहिला का, असे विचारल्यावर काकूंनी दुकानातल्या आरशात मागे दिसत होता, असे सांगितले.

परतताना हुसेनसागरच्या बांधावरून बस निघाली. १९९० मध्ये तराफ्यासह तळ्यात बुडालेली आणि १९९२ मध्ये वर काढून उभी केलेली ती बुद्धमूर्ती डावीकडच्यांना दिसली, उजवीकडच्यांना नाही. आमच्याकडून तिकिटाचे पैसे कमी घेतले होते काय, असा गलका झाला. चालकाने निमूटपणे पुढून बस वळवून पुन्हा त्याच बांधावर आणली. आता मूर्ती उजवीकडे आली होती, पण तोवर उजवीकडची सगळी मंडळी डावीकडच्यांच्या मांडीवर येऊन बसली होती.