‘व्हीपीएन टाका, अदृश्य व्हा’ म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ‘तातडीचे’, खाली ‘सायबर तज्ज्ञांचा सल्ला’, मध्ये लाल उद्गारचिन्हांची रांग. तज्ज्ञ कोण, ते अर्थातच लिहिलेलं नाही. म्हणणं थोडक्यात असं की फोनमध्ये व्हीपीएन (तुमची इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून नेणारं ॲप) टाकलं की (१) सरकार, पोलीस, गूगल, कुणालाच तुम्ही दिसत नाही. (२) बँक आणि यूपीआय हॅक होऊच शकत नाही. (३) फुकटचं व्हीपीएनही तेच काम करतं, उगाच पैसे घालवू नका. (४) या कंपन्या ‘नो लॉग’ असतात, म्हणजे त्यांच्याकडे कसलीच नोंद राहत नाही. (५) टोर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं साधन) वापरलंत तर जगातली कुठलीही यंत्रणा तुम्हाला पकडू शकत नाही. शेवटी डाउनलोडची लिंक आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’.

असल्या मेसेजवर मी एरवी वेळ घालवत नाही. पण मिरजेच्या मावशीनं हा मनावर घेतला. लिंकवरून ॲप टाकलं आणि मला फोन केला, “अगं, वर किल्लीचं चित्र आलंय. म्हणजे आता फोनला कुलूप लागलं ना?”

ते चित्र कुलपाचं नाहीच. फोनमधून इंटरनेटवर जाणारं-येणारं सगळं आता त्या ॲपच्या हातून जातंय, एवढंच ते सांगतं. ॲप पहिल्यांदा चालू करताना अँड्रॉइड स्वतःच विचारतं की या ॲपला तुमच्या नेटवर्कवरची ये-जा पाहता येईल, ज्यांच्याकडून ते घेतलंय त्यांच्यावर विश्वास असेल तरच परवानगी द्या. मावशीनं ‘ओके’ दाबलं. सगळेच दाबतात.

व्हीपीएनचं काम तसं साधं आहे. एरवी तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे जिओला, एअरटेलला किंवा तुमच्या केबलवाल्याला दिसतं. व्हीपीएन लावलं की त्यांना दिसायचं बंद होतं आणि व्हीपीएनवाल्या कंपनीला दिसायला लागतं. समोरच्या साइटला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी (म्हणजे इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखायच्या आकड्याऐवजी) त्या कंपनीचा पत्ता दिसतो. बघणारा बदलला, एवढाच काय तो फरक. नवा बघणारा कोण आहे, त्याचं पोट कशावर चालतं, हे न विचारता त्याला घरात घ्यायचं, हा मेसेजचा सल्ला.

म्हणून क्रमानं न जाता आधी तिसरा मुद्दा घेते, कारण सगळ्यात घातक तोच आहे. जगभर सर्व्हर चालवायचे, त्यांच्या बँडविड्थची बिलं भरायची आणि लोकांना सगळं फुकट द्यायचं, हा धर्मादाय धंदा कोण करतं? काही नावाजलेल्या कंपन्या करतात, फुकटची मर्यादित सोय ठेवतात आणि तिचा खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांकडून काढतात. बाकीच्यांची कमाई कशी होते, ते अमेरिकेच्या न्याय विभागानं मे २०२४मध्ये जाहीर केलेल्या एका प्रकरणातून कळतं.

‘९११ एस५’ हे त्या धंद्याचं नाव. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, पॅलाडिन व्हीपीएन, शील्ड व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशी छान छान फुकट सॉफ्टवेअर लोकांनी आपल्या विंडोज कॉम्प्युटरवर टाकली. त्यांच्यासोबत एक चोरवाटही मशीनमध्ये शिरली. मग ज्यानं ते टाकलं त्याच्याच घरचं इंटरनेट कनेक्शन तिऱ्हाइतांना भाड्यानं दिलं जाऊ लागलं. १९०हून जास्त देशांतले मिळून १ कोटी ९० लाख आयपी पत्ते या जाळ्यात होते. भाडेकरू कोण? ऑनलाइन फसवणूक करणारे, बॉम्बच्या धमक्या देणारे, मुलांच्या शोषणाचं साहित्य फिरवणारे. कोविडकाळातल्या सरकारी मदतीवरही याच जाळ्यातून डल्ला मारला गेला. एकट्या बेरोजगार भत्त्याचे ५ लाख ६० हजार खोटे अर्ज या पत्त्यांवरून गेले आणि ५.९ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बुडाली, असा अमेरिकी तपासयंत्रणांचा हिशोब आहे.

हे नीट समजून घ्या. आपला पत्ता लपावा म्हणून ज्यांनी व्हीपीएन टाकलं, त्यांच्याच पत्त्यामागे चोर लपले. गुन्हा झाला की तपास आयपी पत्त्यापासून सुरू होतो, आणि तो पत्ता निघतो तुमच्या घरच्या वायफायचा. “साहेब, मी फक्त फुकटचं व्हीपीएन टाकलं होतं,” हे चौकीत बसून समजावून सांगायची हौस असेल तर खुशाल टाका.

‘ते कॉम्प्युटरचं झालं, फोनचं काय?’ असं आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी विचारणार. फोनचंही ऐका, आणि हे कुणा भामट्याचं नाही, खुद्द फेसबुकचं आहे. फेसबुकनं २०१३मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी घेतली आणि ‘ओनावो प्रोटेक्ट’ नावाचं फुकट व्हीपीएन बाजारात ठेवलं. जाहिरात अशी की तुमची माहिती सुरक्षित राहील. प्रत्यक्षात लोक कुठली ॲप किती वेळ वापरतात हे त्यातून फेसबुकला कळत होतं. कुठला स्पर्धक वाढतोय, उद्या कुणाला विकत घ्यायचं, याचा अंदाज बांधायला ही माहिती कामी येत होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं खटला भरला आणि जुलै २०२३मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं मेटाच्या (फेसबुकची मालक कंपनी) दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. नावात ‘प्रोटेक्ट’ होतं, बरं का.

आता बाकीचे मुद्दे भराभर.

बँक आणि यूपीआय. बँकेचं ॲप आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं आधीच कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारं असतं, व्हीपीएन असो वा नसो. सगळ्या मोठ्या साइटचंही आता तसंच आहे. इथं एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. उघड्या वायफायची भीती अगदीच हवेतली नव्हती. २०१०मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन आलं होतं, ते वापरून कॅफेत शेजारी बसलेला कुणीही तुमच्या फेसबुकमध्ये शिरू शकत होता. तेव्हा बऱ्याच साइट लॉग-इननंतर साध्या, न झाकलेल्या जोडणीवर चालत. ते दिवस बहुतांशी गेले, व्हीपीएनच्या जाहिराती मात्र अजून तिथंच अडकल्यात. आपल्याकडे खाती कशी रिकामी होतात? कुणीतरी ‘डिजिटल अटक’ म्हणून घाबरवतं आणि माणूस स्वतःच्या हातानं पैसे पाठवतो. कुणी ओटीपी सांगतो. कुणी आरटीओचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल) उघडतो. लबाडाकडे सायकलवरून गेलात की मोटारीतून, लुबाडणूक तीच होते. यातल्या एकाही गोष्टीला व्हीपीएन अडवत नाही. उलट काही बँकांची ॲप व्हीपीएन चालू असलं की अडून बसतात.

‘सरकारला, गूगलला दिसत नाही.’ गूगलच्या खात्यात लॉग-इन करून, लोकेशन चालू ठेवून, गूगलपासून लपायचं? खातं तुमचं, नंबर तुमचा. आयपी पत्ता सिंगापूरचा दिसला म्हणून गूगल तुम्हाला ओळखायचं थांबत नाही. आयपी सोडून ओळखण्याच्या खुणाही ढीगभर असतात. फॉन्ट, स्क्रीनचा आकार, ब्राउझरची आवृत्ती असली किरकोळ माहिती एकत्र केली तरी ब्राउझर वेगळा ओळखू येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१०मध्ये तपासलेल्या नमुन्यात सुमारे ८४ टक्के ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले होते.

सरकारचं म्हणाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ला निर्देश काढले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली हे सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं. ग्राहक सोडून गेला तरी. (कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना देतात ते ऑफिसचं व्हीपीएन यातून वगळलंय, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांनी घाबरू नये.) एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड या कंपन्यांनी ते मानण्याऐवजी भारतातले सर्व्हर काढून टाकले. या कंपन्यांचं याबद्दल कौतुक करायला माझी ना नाही. पण वर्गणी तुम्ही स्वतःच्या कार्डानं भरलीत तर तिथंच तुमचं नाव लागलं.

‘नो लॉग.’ हा शब्द जाहिरातीतला आहे, छापायला पैसे पडत नाहीत. २०१७मध्ये अमेरिकेत एका ऑनलाइन छळाच्या तपासात प्युअरव्हीपीएनच्या नोंदींवरून एफबीआयला कळलं की आरोपीच्या घरच्या आणि ऑफिसच्या अशा दोन्ही पत्त्यांवरून एकच ग्राहक सेवा वापरतोय. तो माणूस पकडला गेला हे उत्तमच झालं, पण आपण कुणावर नजर ठेवत नाही असं ही कंपनी ग्राहकांना सांगत होती. २०२०मध्ये हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनसकट सात ‘नो लॉग’ ॲपचा डेटा उघड्या सर्व्हरवर सापडला, त्यात पासवर्डसुद्धा होते. इथंही अपवाद आहे, नाइलाजानं सांगते. एप्रिल २०२३मध्ये स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात गेले आणि रिकाम्या हातानं परतले. ही कंपनी ईमेलसुद्धा मागत नाही, खातं म्हणजे फक्त एक आकडा, आणि पाकिटातून रोख पाठवली तरी चालते. तेव्हा असं करता येतं. पण आपल्या मेसेजमधलं फुकट ॲप म्हणजे मुलव्हाड नव्हे.

राहिलं टोर. ते खरोखर चांगलं साधन आहे. तीन टप्प्यांतून माहिती फिरवतं, एकाच टप्प्याला सगळं कळत नाही, आणि पत्रकारांना, दडपशाहीच्या देशांतल्या लोकांना त्याचा मोठा आधार आहे. पण ‘कुणीच पकडू शकत नाही’? डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टोरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टोर फुटलं नाही. पण त्यानं ते विद्यापीठाच्याच वायफायवरून वापरलं होतं, आणि त्या वेळी त्या नेटवर्कवर टोर कोण वापरतंय एवढं बघून एफबीआय त्याच्या दारात पोचली. त्यानं कबुलीही दिली.

आणि हो, ती शेवटची लिंक. मी तपासली तर ती प्ले स्टोअरची नाहीच, थेट एपीके फाइल उतरवते. म्हणजे चोरांपासून वाचायचा उपाय चोर वापरतात त्याच वाटेनं फोनमध्ये आणायचा. ज्यांनी ते टाकलंय त्यांनी सेटिंगमध्ये नेटवर्कखाली व्हीपीएन शोधून त्या ॲपचं नाव तिथून ‘फर्गेट’ करा, मग ॲप काढून टाका. ॲक्सेसिबिलिटीची आणि एसएमएस वाचायची परवानगी आणखी कुठल्या अनोळखी ॲपला दिलीये का तेही बघा. त्यानंतर बँकेचा पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या फोनवरून. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर ग्रुपवर विचारत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.