सगळे डिस्क प्लेअर सारखेच? मुळीच नाही

होम थिएटर करणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा: डिस्कवर शेवटी शून्य आणि एकच असतात, तेव्हा कुठलाही प्लेअर घ्या, युनिव्हर्सल (जवळजवळ सगळ्या प्रकारच्या डिस्क वाजवणारा) प्लेअर म्हणजे उधळपट्टी, गेमिंग कन्सोल सगळं वाजवतो, नाहीतर ४के स्ट्रीमिंग आहेच, आणि हौसच असेल तर ओप्पो कंपनीचा जुना डिस्क प्लेअर डोळे झाकून उचला. हे वाचून लोक खरेदी करतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

शून्य-एकचा मुद्दा अर्धा खरा आहे. प्लेअरमधून एव्ही रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या पेटीला) एचडीएमआयने बिटस्ट्रीम, म्हणजे न उलगडलेला डिजिटल आवाज, जात असेल, तर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे आवाजाचे प्रकार डीकोड करण्याचं काम रिसीव्हर करतो. मग प्लेअरमधला भारी डॅक (डिजिटलचा अॅनालॉग आवाज करणारा भाग) नुसता बसून राहतो. ओप्पोचा यूडीपी-२०३ अमेरिकेत ५४९ डॉलरला होता, यूडीपी-२०५ हा १,२९९ ला. एचडीएमआयवर दोघांत निवडण्यासारखं काही नव्हतं. जास्तीचे पैसे होते मुख्यतः अॅनालॉग आउटपुटचे. चांगल्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर थेट सीडी ऐकणाऱ्याचे ते पैसे वसूल होतात, इतरांचे होत नाहीत.

पण यावरून ‘कुठलाही प्लेअर घ्या’ असं ठरत नाही. शून्य-एक आधी वाचता तर यायला हवेत! एसएसीडी म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची ऑडिओ डिस्क; तिचा थर साध्या ब्लू-रे प्लेअरला दिसतच नाही. डिस्क हायब्रिड (एसएसीडी आणि सीडी दोन्ही थर असलेली) असेल तर तो गुपचूप त्यातला सीडीचा थर वाजवतो, आणि मालक समजतो की आपण एसएसीडी ऐकतोय. असे कितीतरी जण आहेत. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ (डीव्हीडीवरची वरच्या दर्जाची संगीत डिस्क) दोन्ही वाजवतो. पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० यातलं एकही वाजवत नाही, मात्र एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या) चित्राचं टोन मॅपिंग, म्हणजे तो पल्ला आपल्या पडद्याला झेपेल असा बसवणं, तो सुरेख करतो. प्रोजेक्टर असेल तर मी पॅनासॉनिककडेच बोट दाखवेन. कपाटात एसएसीडी असतील तर सोनीकडे. दोन्ही ‘४के प्लेअर’च, पण एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

बरं, योग्य प्लेअर घेऊनही मेन्यूत गडबड होते. एसएसीडीचा मूळ आवाज डीएसडी या पद्धतीने साठवलेला असतो; तो ऑप्टिकल केबलमधून जात नाही, एचडीएमआयच लागते. रिसीव्हर डीएसडी घेत नसेल तर प्लेअरमध्ये पीसीएम (डिजिटल आवाजाचं नेहमीचं रूप) निवडा. घेत असला तरी सबवूफर आणि रूम करेक्शनसाठी (खोलीनुसार आवाज जुळवण्यासाठी) बरेच रिसीव्हर आतल्या आत त्याचं पीसीएमच करतात, तेव्हा हळहळू नका. सोनीच्या प्लेअरवर ‘बीडी ऑडिओ मिक्स’ (मेन्यूचे वगैरे आवाज मुख्य आवाजात मिसळणारी सेटिंग) बंद ठेवा. ते चालू राहिलं की अॅटमॉसची (वरूनही आवाज येणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीची) डिस्क लावूनही रिसीव्हरच्या डिस्प्लेवर अॅटमॉस उमटत नाही, आणि लोक नव्या स्पीकरना दोष देत बसतात.

कन्सोल सगळं वाजवतो, हे तर साफ चूक. प्लेस्टेशन ५ ४के डिस्क चालवतो, पण साधी ऑडिओ सीडी चालवत नाही. मग एसएसीडीचं नावच नको. डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) तो देत नाही आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सही देत नाही.

स्ट्रीमिंगची सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण तिथलं अॅटमॉस बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसवर येतं, म्हणजे आवाजातला काही भाग कापून. डिस्कवरच्या ट्रूएचडीत काहीच कापलेलं नसतं. चित्राचंही तेच. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन मागतं, तर ४के डिस्कची मर्यादा १०० च्याही वर जाते. मोठ्या पडद्यावर स्ट्रीमिंगमधलं धुकं, धूर, रात्रीचं आभाळ बघा, पट्टे पडलेले दिसतील.

रीजनबद्दल, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल या बंधनाबद्दल, तो मजकूर बोलतच नाही. भारतात डीव्हीडीचा रीजन ५, ब्लू-रेचा सी. अमेरिकेत १ आणि ए. ४के डिस्कला रीजन नसतो. अमेरिकेतल्या मुलाकडून प्लेअर मागवायचा असेल तर घरातल्या जुन्या डिस्क आधी काढून बघा. मराठी नाटकांच्या व्हीसीडी असतील तर त्या चालतात का, हे वेगळं विचारा. ‘युनिव्हर्सल’ लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका.

राहिला जुना ओप्पो. प्लेअर उत्तम, वाद नाही. पण कंपनीने २०१८ मध्येच हा धंदा बंद केला, आणि लेझर झिजतो. घेण्याआधी विकणाऱ्यासमोर एक एसएसीडी आणि एक १०० जीबीची तीन थरांची ४के डिस्क लावा. ती शेवटपर्यंत चालू द्या. थर बदलताना अडखळली तर पैसे खिशातच ठेवा.