खुलासा: जेल लावलं म्हणून व्यायाम सुटत नाही
‘डायक्लोफिनॅक जेल चोळा, फिजिओथेरपी बंद करा, गुडघ्याची झीज भरून येईल’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप चुकीचा आहे. जेलने दुखणं कमी होतं. झिजलेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत अस्तर) पुन्हा उगवत नाही. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शिकेत व्यायाम सांधेझिजेच्या सगळ्याच रुग्णांना सांगितलाय, आणि गुडघ्याला औषध लागलंच तर आधी असं जेल. दोन्ही बरोबरच चालतात. ठणका उतरला की मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम जमतात, आणि गुडघा तोलून धरतात ते हेच स्नायू. (आपल्याकडे नेमकं उलटं: दुखणं थांबलं की व्यायामही थांबतो.) जेलवर शेकाची पिशवी मात्र ठेवू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच लावा.