पाणी कुठं मुरतंय?

जुनी गाडी चालवणाऱ्याचा एक डोळा रस्त्यावर असतो आणि दुसरा इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. काटा मधल्या रेघेच्या केसभर वर सरकला की माझं बोलणं अर्ध्यात तुटतं. शेजारी बसलेल्याला वाटतं, आपला मुद्दा पटला. मुद्दा मी ऐकलेलाच नसतो.

गाडी तापून कडेला लागली की इंजिनाच्या वाफेआधी सल्ले बाहेर पडतात. बोनेट उघडलेल्या गाडीभोवती पाच मिनिटांत तीन जाणकार जमतात. एक म्हणतो, "पाणी ओता." दुसरा पाण्याची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेवर घसरतो, "थर्मोस्टॅट काढून फेका." तिसरा नुसती मान हलवतो, "हेड गेलं" म्हणतो आणि चालू लागतो. तिघांपैकी कुणीही गाडीला बोट लावलेलं नसतं.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक. रेडिएटरचं, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, झाकण बरणीच्या झाकणासारखं दिसतं खरं, पण त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती साधारण ०.९ ते १.१ बार दाब कोंडून धरते. त्या दाबामुळंच आतलं पाणी शंभर अंशांना न उकळता १२० च्या आसपासपर्यंत मुकाट बसून राहतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि इतका वेळ गिळलेला राग एकदम तुमच्या तोंडावर येतो. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, जाड फडक्यानं दाबून बघा. टणक लागला तर अर्धा-पाऊण तास गप्प उभं राहा. तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतण्याचा मोहही आवरा. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, अशानं वाकतं किंवा तडकतं, आणि मग मान हलवून गेलेला तिसरा माणूस खरा ठरतो.

एवढ्या वेळात एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: तापते कधी? उभी असताना, की पळताना?

सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर वारा कमी पडतोय, म्हणजे फॅन. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत ९० ते १०० अंशांच्या दरम्यान फॅन सुरू व्हायला हवा. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा स्विच. पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या जुन्या दोन वायरींच्या थर्मोस्विचचा प्लग काढून त्या वायरी एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर स्विच मेलाय; नाही फिरला तर मोटरपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का ते मोजा. हात पात्यांपासून लांब ठेवा, कारण फॅन सुरू होताना कुणाला विचारत नाही. आणि फिरतोय म्हणून खूशही होऊ नका. आधीच्या एखाद्या कारागिरानं स्विच वगळून फॅन 'डायरेक्ट' करताना वायरी उलट जोडल्या असतील तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो. फॅन रेडिएटरच्या मागं असेल तर पुढच्या जाळीवर एक कागद धरा. चिकटला तर ठीक. उडून अंगावर आला, तर निदान फुकटात झालं.

उलट, भरधाव जाताना किंवा चढावर तापत असेल तर दोष बहुधा रेडिएटरमधल्या वाऱ्याच्या किंवा पाण्याच्या वाटेत असतो. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत किडे, पालापाचोळा आणि धूळ यांचा नमदा साचतो. समोरून बघाल तर सगळं लख्ख दिसतं, कारण दिसतो तो कंडेन्सर. आतून वर्षानुवर्षं नळाचं पाणी प्यालेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारानं बुजतात. इंजिन गरम करून बंद करा, फॅनचा प्लग काढा आणि जाळीवर जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅटवर मात्र लोकांचा विनाकारण राग. काटा मध्यावरून वर गेला तरी वरचा होज गारच, तर तो बंद अवस्थेत अडकलाय, हे खरं. मग काढून तपासा. एखाद्याला पाण्यात पाहू नये म्हणतात. थर्मोस्टॅटला जरूर पाहावं. भांड्यात पाणी घेऊन तो दोऱ्यानं लोंबता सोडा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असेल त्याच्या आसपास तो उघडू लागायला हवा आणि पाणी निवल्यावर पुन्हा मिटायला हवा. नसेल तर नवा घाला. पण कायमचा काढून टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. इंजिन गार राहून पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहिल्यानं पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं. गाडी आणखीच तापते.

यातलं काहीच नाही आणि पाणी मात्र दर आठवड्याला कमी होतंय, तर ते कुठंतरी मुरतंय. होजच्या क्लिपांपाशी पांढरट-हिरवे सुकलेले ओघळ शोधा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब आला तर पंपाचं सील गेलं. पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास, तर हीटरची जाळी फुटली. रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर पंप लावून झाकणाइतकाच दाब भरा आणि पंधरा मिनिटं बघा. दाब उतरतोय पण थेंब कुठंच नाही, तर पाणी इंजिनाच्या पोटात जातंय, म्हणजे बहुधा हेडखालचं सील, हेड गॅस्केट, गेलं. ऑइलच्या झाकणाखालच्या दुधाळ थरावर लगेच विश्वास ठेवू नका. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो येतो. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करा. द्रव पिवळा पडला, की जळालेला वायू पाण्यात येतोय. इथं दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीकडं बघून हसू लागतो.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी; तयार मिसळलेलं असेल तर वरून पाणी नको. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि थंड इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हवेचे बुडबुडे निघू द्या. हवा अडकली तर सगळी मेहनत पाण्यात. सेन्सरच पाण्याबाहेर पडला की काटा झपकन खाली येतो, मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि इंजिन शेवटचा. अशा वेळी हीटर लावून बघा. गार हवा आली तर तिथल्या तिथं थांबा.

गरम हवा आली तर मात्र तोच हीटर वाचवतो. तो म्हणजे गाडीच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. भर उन्हात, काचा खाली, हीटर फुल्ल. मागच्या सीटवरची मंडळी घामानं निथळतायत आणि कुणी काही बोलत नाही. काटा मात्र मधल्या रेघेवर येऊन बसलेला. मी काचेवर बोटानं दोनदा टकटक करतो. अडकला तर नाही ना?